जुन्या सेसनाला खरा क्रूझ (सपाट उड्डाणाचा वेग) आणि खरा क्लाइंब (चढाई) किती मिळतो? (नाशिक-खानदेशच्या उन्हात)

गोदाकाठ · रवि, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पीपीएल (खाजगी वैमानिक परवाना) झालंय, आता उड्डाणाचे तास भरतोय. खानदेशातल्या एका धावपट्टीवरून उडतो, ओझरला (नाशिकचा विमानतळ) जाणं-येणं असतं. विमान सेसना १७२एन, १९७९ सालचं, १६० अश्वशक्तीचं लायकमिंग.

पुस्तकात (पीओएच, विमानाची उड्डाण-पुस्तिका) लिहिलंय की ८००० फुटांवर ७५ टक्के पॉवरला १२२ नॉट (ताशी नॉटिकल मैल) आणि समुद्रसपाटीला चढाई मिनिटाला ७७० फूट. माझ्या काट्यावर क्रूझला शंभरच्या वर क्वचित जातं. चढाईचं तर विचारू नका, मे महिन्यात दुपारी तिघं बसलो की ४००-४५०. सरांना विचारलं तर म्हणाले, "जुनं विमान आहे, असंच असतं."

मला हे उत्तर पुरत नाही. यात विमानाच्या वयाचा वाटा किती, हवेचा किती आणि आपल्या मोजण्याचा किती? पावसाळा सरला की दोन मित्रांना घेऊन घाट ओलांडायचा विचार आहे. तेव्हा आकडे कोणते धरायचे? अनुभव असणाऱ्यांनी मनमोकळं लिहा.

रामकुंड_रायडर · रवि, रात्री ९:५२

विषय वेगळा आहे. वाचतोय.

टाउनशिप_काका · रवि, रात्री १०:३५

गोदाकाठ, धागा छान काढलास. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात आयुष्य गेलं, पण ते मिग आणि सुखोईत. छोट्या विमानांचा नाद घरचा, म्हणून लिहितो.

आधी काही गोष्टी सांग, मग बोलू. शंभर म्हणतोस ते काट्यावरचे नॉट, की मैल? १९७५ पर्यंतच्या सेसनांच्या काट्यावर मैल प्रति तास असत, नॉट १९७६ च्या मॉडेलपासून आले. तुझं १९७९ चं आहे म्हणजे नॉटच असणार, तरी बघून घे, कारण जुन्या विमानांत काटे बदललेले असतात. उंची किती, बाहेरचं तापमान किती, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) किती? चाकांवरच्या फेअरिंग (हवा कापणारी आवरणं) आहेत का काढून ठेवल्यात? वजन किती होतं?

हे सगळं कळल्याशिवाय "विमान म्हातारं झालं" म्हणणं अन्याय आहे.

गरुडझेप · रवि, रात्री १०:५८

काका, आदर ठेवून असहमत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं इंजिन आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं असणार, दहा-पंधरा टक्के ताकद तिथेच गेली. उगाच हिशेबात का शिरायचं?

टाउनशिप_काका · रवि, रात्री ११:१०

विमान १९७९ चं, इंजिन नव्हे. या इंजिनाची ओव्हरहॉलची (पूर्ण खोलून नव्यानं बांधण्याची) मर्यादा २००० तासांची. शाळेतलं विमान ती काही वर्षांत गाठतं. चांगलं ओव्हरहॉल झालेलं इंजिन १६० च्या आसपास द्यायलाच हवं. धातूचा सांगाडा जुना, हृदय बहुतेक वेळा बरंच नवं.

गोदाकाठ · सोम, सकाळी ७:१५

काका, काटा नॉटचाच. ५५०० फुटांवर, बाहेर २६ अंश, २५५० आरपीएम, काट्यावर १००. फेअरिंग काढलेल्या आहेत, पावसाळ्यात चिखल भरतो म्हणून काढल्या त्या परत बसल्याच नाहीत.

टाउनशिप_काका · सोम, सकाळी ८:०५

मग ऐक.

५५०० फुटांवर प्रमाण (स्टँडर्ड) हवेचं तापमान साधारण ४ अंश असायला हवं. तुझ्याकडे २६, म्हणजे २२ अंश जास्त. एका अंशाला सुमारे १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसारची उंची) आठ हजारांच्या जरा वर गेली. तिथे हवा इतकी विरळ की काट्यावरचे १०० म्हणजे खरे ११३ नॉट. काटा हवेचा दाब मोजतो, वेग नाही.

आता पुस्तक उघड. १२२ चा आकडा फेअरिंग बसवलेल्या विमानाचा आहे, त्या काढल्या की दोन नॉट वजा करा असं त्याच तक्त्याखाली छापलेलं आहे. शिवाय तो ७५ टक्के पॉवरचा. २५५० आरपीएमला इतक्या गरम हवेत तू ७५ टक्क्यांवर नसतोसच, पासष्ट-सत्तरच्या मध्ये कुठेतरी असतोस. तक्त्यात त्या जागी ११५ च्या जवळपास आकडा मिळेल. त्यातून फेअरिंगचे दोन काढ.

तू ११३ वर आहेस. क्रूझच्या बाबतीत तुझं विमान पुस्तकाबरहुकूम उडतंय. त्याला नावं ठेवू नकोस.

कॅम्पातली · सोम, सकाळी ९:२०

काका, हे आम्हाला ग्राउंड क्लासमध्ये फळ्यावर शिकवलं होतं, पण आपल्याच विमानाला लावून बघायचं कुणी सुचवलं नव्हतं. धन्यवाद!

मी देवळालीची, सध्या सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवाना) चाललंय, सेसना १५२ वर सुरुवात केली. ११० अश्वशक्ती, पुस्तकात १०७ नॉट आणि ७१५ फूट चढाई. क्रूझचं गणित काका म्हणतात तसंच जमतं. चढाईचं मात्र जमत नाही, तिथे खरंच मार बसतो. त्यावर कुणी लिहाल का?

निफाडची_द्राक्षं · सोम, सकाळी ९:४५

विमानातलं काही कळत नाही, पण एक प्रश्न. उष्णतेनं एवढा फरक पडतो तर आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर पारा येतो. तेव्हा हेच विमान सुसाट चढेल का?

टाउनशिप_काका · सोम, सकाळी १०:३०

द्राक्षंभाऊ, लाखमोलाचा प्रश्न विचारलात!

नाशिकची उंची सुमारे १९०० फूट. या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड साधारण ५,३०० ते ५,५०० फूट होते. जानेवारीच्या पहाटे ५ अंशांना तीच १,२०० च्या आसपास. धावपट्टी तीच, विमान तेच, पण विमानाच्या लेखी जमीन चार हजार फूट खाली-वर झालेली. खानदेशात उंची कमी, धुळे आठशे-साडेआठशे फूट, पण पारा ४३ ला गेला की तिथेही साडेचार हजारांजवळ पोचतो.

आता चढाई. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. साडेपाच हजारांवर पंधरा-सोळा टक्के गेली. वाटतं की चढाईही तेवढीच कमी होईल. तसं होत नाही. इंजिनाच्या ताकदीचा मोठा हिस्सा विमान नुसतं हवेत धरून ठेवण्यात जातो, उरलेल्या शिलकीवर चढाई होते. एकूण रक्कम सोळा टक्क्यांनी घटली तरी खर्च तेवढाच राहतो, म्हणजे सगळी घट शिलकीवर पडते. म्हणून १७२एन ची ७७० ची चढाई आपल्या मे महिन्यात पुस्तकातच पाचशे-सहाशेच्या दरम्यान येते. तेही पूर्ण वजन धरून.

गांधीनगर_एव्हिएटर · सोम, दुपारी १:१०

काकांशी पूर्ण सहमत. मी लष्करातून निवृत्त, चीता हेलिकॉप्टर उडवत असे. चीतात याच दुखण्यावर इलाज केलेला होता. त्याचं आर्टूस्ट इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीच्या घरातलं, पण ते ५५० वर बांधून ठेवलेलं. खाली ताकद वापरायचीच नाही, म्हणजे वर विरळ हवेतही ती हाताशी उरते. याच जातीच्या लामा हेलिकॉप्टरनं १९७२ साली १२,४४२ मीटर उंची गाठली होती.

१७२ कडे अशी शिल्लक नाही. म्हणून घाट ओलांडायचा असेल तर मिनिटाला किती फूट हे बाजूला ठेवा, मैलाला किती फूट ते काढा. डोंगर मैलांवर असतो, मिनिटांवर नाही.

गोदाकाठ, तुझंच उदाहरण घेतो. ओझरहून दुपारी उडालास, तिघं, पुस्तक पाचशे म्हणतंय, तू शहाणपणानं ३५० धरलेस. काट्यावर ७० म्हणजे खरे ७६ नॉट, मिनिटाला सव्वा नॉटिकल मैल. मैलाला पावणेतीनशे फूट मिळाले, तेही सुरुवातीला. वर जाशील तसे ३५० चे २०० होतात. ब्रह्मगिरी सव्वाचार हजार फुटांच्या पुढे आहे. त्यावरून सुखानं जायचं तर सहा हजार हवेत. तिथवर पोचायला वीसेक मैल खर्ची पडतात, आणि ओझर ते त्र्यंबक सरळ रेषेत २४ मैल. हातात चार मैल उरले.

यात वारा धरलेलाच नाही. पश्चिमेचा वारा असला की आपण नाशिककडून जाताना डोंगराच्या आडोशाच्या बाजूला असतो. तिथे हवा खाली कोसळते. ३५० ची चढाई तिथे शून्य होते, कधी उणे. शिवाय समोरचा वारा, म्हणजे उशिरा पोचतोस आणि त्या कोसळत्या हवेत जास्त वेळ राहतोस. उंची ओझरच्या आसपासच घ्यायची. डोंगराला काटकोनात भिडायचं नाही, तिरकं जायचं, म्हणजे वळून परत यायला जागा राहते. कळसूबाईच्या अंगानं जाणार असशील तर शिखर ५,४०० फुटांचं आहे हे वेगळं सांगायला नको.

लेकीची_आई · सोम, दुपारी २:३०

माझी मुलगी याच महिन्यात सोलो (पहिलं एकटीनं उड्डाण) करणार आहे. वाचून पोटात गोळा आला. हे सगळं शाळेत सांभाळतात ना?

कॅम्पातली · सोम, दुपारी २:४८

काकू, घाबरू नका. सोलोला विमानात ती एकटीच, वजन कमी, विमान एकदम हलकं चढतं. सोलो शक्यतो सकाळीच देतात, हवाही शांत असते. पहिल्या सोलोत मलाच जाणवलं होतं की शेजारची जागा रिकामी झाली तर विमान किती पटकन वर जातं. तिला खूप शुभेच्छा, आणि इथे कळवा नक्की!

गरुडझेप · सोम, दुपारी ४:००

हे सगळं मान्य. पण गोदाकाठला ४००-४५० मिळतात आणि पुस्तक गरम हवेतही पाचशे-सहाशे देतं. मधले शंभर कुठे गेले? मी म्हणत होतो ते वय इथे दिसतंय की नाही?

कॅम्पातली · सोम, सायं. ५:१५

गरुडझेप, त्यातला काही भाग आपल्या उडवण्यात असतो. पुस्तकातली चढाई ७३ नॉटला, उंची वाढेल तसा तो वेगही थोडा कमी करायचा. आम्हाला उन्हाळ्यात ८०-८५ ठेवायला सांगतात, इंजिनाला वारा लागावा आणि तेल तापू नये म्हणून. ते योग्यच आहे, पण चढाई कमी होते. मग पुस्तकाशी तुलना कशी करणार?

दुसरं मिक्श्चर, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण. बरेच जण ३००० फुटांखाली मिक्श्चरच्या लाल नॉबला हातच लावत नाहीत. पण पुस्तकात तीन हजारांवरच्या धावपट्टीवरून उडताना मिक्श्चर लीन (इंधन कमी) करा असं आहे, आणि मे महिन्यात दुपारी ओझरला इंजिन श्वास घेतं ती हवा पाच हजारांवरची असते. आमच्या एका सरांनी रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) दाखवलं. पूर्ण थ्रॉटल, ब्रेक घट्ट, आणि लाल नॉब अगदी हळू, फिरवत फिरवत बाहेर. आधी काहीच होत नाही. मग आवाज जरा मोकळा होतो आणि आरपीएमचा काटा थरथरत वर सरकतो. एका जागी थांबतो आणि खाली वळायला लागतो. तिथून नॉब किंचित आत ढकलायचा. तो काटा वर सरकताना बघितला की कळतं, इतके दिवस आपण पेट्रोल पाजून इंजिनाला गुदमरवत होतो. (हे आपल्या सरांना विचारूनच करा, तापमानावर लक्ष ठेवून.)

तिसरं, व्हीएसआयच्या (चढाईचा वेग दाखवणाऱ्या) काट्यावर विसंबू नका. स्टॉपवॉच आणि अल्टिमीटर (उंचीमापक), हजार फुटांना किती सेकंद, बस्स.

टाउनशिप_काका · सोम, रात्री ८:२०

पोरी, शाब्बास. एक भर घालतो. गरम हवेत अल्टिमीटर हजार फूट दाखवतो तेव्हा आपण खरे हजाराहून जास्त चढलेलो असतो. दर दहा अंशांना साधारण चार टक्के. म्हणून जीपीएसवरची चढाई काट्यापेक्षा जास्त दिसते. पुस्तकाशी तुलना करताना अल्टिमीटरच घ्यायचा.

आणि गरुडझेप, तुझा प्रश्न रास्त आहे. नीट वाच.

फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्याच्या विमानात क्रूझला आपण आरपीएम लावतो. इंजिन अशक्त असेल तर तेवढ्याच आरपीएमसाठी थ्रॉटल थोडा जास्त पुढे जातो, एवढंच. वेग तोच मिळतो. म्हणून क्रूझ बरोबर आला याचा अर्थ इंजिन धडधाकट आहे असा होत नाही. दुखणं पूर्ण थ्रॉटललाच उघड होतं, म्हणजे टेक-ऑफ आणि चढाईत. कसारा घाटात एसटीचं इंजिन कळतं, सपाट रस्त्यावर नाही, तसंच.

१७२एन मधल्या ओ-३२० एच२एडी इंजिनाचं एक जगजाहीर दुखणं आहे, कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झिजण्याचं. १९८१ च्या १७२पी पासून सेसनानं दुसरा ओ-३२०, डी२जे, घेतला. कॅमचा उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, सिलिंडर अर्धपोटी राहतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये मात्र सगळं उत्तम दिसतं, कारण ती टेस्ट व्हॉल्व्ह मिटलेले असताना होते. तेव्हा कॉम्प्रेशनवरून इंजिनाला पास-नापास करू नकोस.

गरुडझेप · सोम, रात्री ८:४४

हे माहीत नव्हतं काका. कॉम्प्रेशनचा मुद्दा सोडला.

पंचवटी_एक्स्प्रेस · सोम, रात्री ९:३०

थोडं अवांतर. ही जुनी विमानं दिसली की मला जेआरडी आठवतात. १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथमधून, १२० अश्वशक्तीच्या जिप्सी इंजिनावर. आज गोदाकाठकडे १६० आहे! १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला.

टाउनशिप_काका · सोम, रात्री ९:५०

अवांतर गोड आहे म्हणून मीही सामील. आपल्याकडे एचएएलनं पुष्पक बनवलं होतं, ९० अश्वशक्तीचं, दोघांचं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एक पिढी त्याच्यावर शिकली. त्याआधी १९५१ साली उडालेलं एचटी-२, डॉ. वि. मा. घाटगे यांनी आरेखलेलं. आपल्या मराठी माणसाचं विमान, त्याची आठवण नव्या मुलांना असायला हवी. एचटी-२ च्या नंतरच्या इंजिनाची ताकद १५५ होती, म्हणजे तुझ्या सेसनाच्या जवळपास, पण बसणारे दोघंच.

रामकुंड_रायडर · सोम, रात्री १०:०५

धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ विषयावर या मंडळी! डिझेल इंजिनाची डायमंड घ्या, टर्बो आहे, वर ताकद टिकते, जेट इंधनावर चालते. प्रश्न मिटला.

गांधीनगर_एव्हिएटर · सोम, रात्री १०:२०

ज्याला तास भरायचेत त्याला शाळा देईल ते विमान उडवायचं असतं. आणि टर्बो असला तरी गरम हवेत पंख आणि पंखा दोघांनाही विरळ हवाच मिळते. फरक नक्की पडतो, प्रश्न मिटत नाही.

टाउनशिप_काका · मंगळ, सकाळी ७:३०

गोदाकाठ, आता मोजून टाक. सकाळी लवकर, हवा शांत असताना. क्रूझसाठी एकच उंची, एकच आरपीएम. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी चार हेडिंग धर आणि प्रत्येक वेळी जीपीएसचा वेग स्थिरावल्यावर लिही. हेडिंग (नाकाची दिशा) स्थिर ठेवायचं, ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) नव्हे. चारींची सरासरी काढ, वारा निघून जातो. चढाई ७३ नॉटला, पूर्ण थ्रॉटल, २००० ते ३००० फूट, घड्याळ लावून. तेल किती तापतंय ते बघत राहा. वजन आणि तापमान लिहायला विसरू नकोस.

गोदाकाठ · सोम, दुपारी १२:१०

काका, केलं. सर बरोबर होते, त्यांनाही रस वाटला.

५५०० फूट, २५५० आरपीएम. उत्तर ११०, पूर्व १२६, दक्षिण ११७, पश्चिम १०१. सरासरी ११३.५. तुम्ही काट्यावरून काढलेला आकडा तंतोतंत जुळला!

चढाई: दोघं, टाक्या अर्ध्या, वजन २०५० पौंड, अडीच हजारांवर २३ अंश. २००० ते ३००० ला १ मिनिट ४५ सेकंद. म्हणजे मिनिटाला ५७० च्या आसपास.

टाउनशिप_काका · सोम, दुपारी १:३०

क्रूझ पास.

चढाईत मात्र कमतरता आहे. त्या हवेत पूर्ण २३०० पौंडांना पुस्तक सहाशेच्या आगेमागे देतं. तू अडीचशे पौंड हलका होतास, सातशेच्या जवळ हवे होते. शंभर-सव्वाशे फूट कुठेतरी अडकलेत. ब्रेक लावून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती येतात?

गोदाकाठ · सोम, दुपारी १:४१

पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला टेकतात.

टाउनशिप_काका · सोम, दुपारी २:१५

मग शाळेच्या इंजिनिअरला हे आकडे लेखी दे. तोंडी तक्रार हवेत विरते. क्रम असा: आधी ऑप्टिकल टॅकोनं (प्रकाशानं फेरे मोजणाऱ्या यंत्रानं) आरपीएमचा काटा तपासायचा, जुने काटे पन्नास-शंभरनं चुकतात. मग थ्रॉटल शेवटपर्यंत उघडतोय का, मॅग्नेटोचं (ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) टायमिंग, एअर फिल्टर. मग पंखा, नंबर पाहून त्याची पिच कोणती आणि कड घासून घासून किती उरलीय. हे सगळं ठीक निघालं तर कॅमची लिफ्ट मोजायची. फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस येतोय का तेही विचार.

लेकीची_आई · बुध, सकाळी ११:००

सोलो झाला! सकाळी साडेसातला. उतरल्यावर तिनं पहिलं वाक्य हेच सांगितलं की विमान खूप लवकर वर गेलं. कॅम्पातली, तुझी आठवण काढली.

कॅम्पातली · बुध, सकाळी ११:०६

अभिनंदन काकू! तिला पेढे माझ्यातर्फे.

गोदाकाठ · शनि, सायं. ६:२५

अपडेट. इंजिनिअरनी आकडे बघितले आणि मनावर घेतलं. टॅको बरोबर निघाला, मॅग्नेटो आणि फिल्टरही ठीक. पुढच्या तपासणीत रॉकर कव्हर काढून चारही सिलिंडरची व्हॉल्व्ह लिफ्ट मोजणार आहेत. फेअरिंगचंही विचारलं, त्या हँगरमध्ये पडून आहेत, पावसाळ्यानंतर बसवू म्हणाले.

घाटाचा बेत तिघांवरून दोघांवर आणलाय, दुसऱ्या मित्राला परतीच्या फेरीत. सकाळी आठच्या आत उड्डाण, ओझरवरच सहा हजार फूट घेऊन मगच पश्चिमेला. चढाई पुस्तकाच्या सत्तर टक्के धरलीय, क्रूझ ११२. एव्हिएटर सर, सत्तर ठीक आहे का आणखी खाली यावं?

गांधीनगर_एव्हिएटर · शनि, रात्री ८:००

कॅमचा निकाल लागेपर्यंत साठ धर. आणि उड्डाणानंतर पहिल्या हजार फुटांना घड्याळ लाव. दोन मिनिटांच्या वर गेलं तर त्या दिवशी ओझरला परत उतरायचं.